आरोपी क्रमांक एक ते चार

नाही ताई, अपील फेटाळलं नाही, पुढची तारीख भेटली फक्त — रडू नका, बसा, अमरावतीच्या कोर्टात या बाकावर समदेच बसतात. नवरा ना तुमचा? कुंदन, वावराच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या मारामारीतला आरोपी नंबर तीन — अकोल्याच्या जेलात हाये म्हणता. मंग हा निकाल नुसता मांडीवर धरून काय होते? सव्विसावं पान काढा. खालून चौथी ओळ — 'आरोपी क्रमांक तीन घटनास्थळी हजर होता हे सिद्ध होत नाही.' दिसलं? आता शेवटचं पान — 'आरोपी क्रमांक एक ते चार यांना दोन वर्षे सक्तमजुरी.' एक ते चारात तीन आलाच ना. न्यायाधीशानं सोडला अन् कागदानं धरला. लेखनदोष म्हणतात याले, अपिलात दुरुस्त होते. तुमच्या वकिलाले दिसलं नाही? ते शेवटचंच पान वाचतात —

काय? मले पान कसं माहीत?

असंच. इतके निकाल पाहिले म्हणजे — नाही, तसं नाही. हा निकाल लागला त्याच तालुक्याच्या कोर्टात मी स्टेनो होतो. न्यायाधीश साहेब सांगत, मी टाइप करो. शेवटचं पान कोणी नव्यानं करत नाही ताई, जुन्या निकालाचं घ्यायचं, नावं बदलायची, सगळेच करतात. नावं मी बदलली. 'एक ते चार' हे आकडे जुनेच राहिले. साहेबांची बदली झालेली, खाली गाडी उभी — घाईनं वाचलं, सही केली. मले तिसऱ्या दिवशी दिसलं. सांगाले किती वेळ लागते? पण त्याच आठवड्यात शुक्रवारी माह्या निवृत्तीचा सत्कार, हार-नारळ आलेले, चौतीस वर्षांत एक चूक नाही असं भाषणात लिहिलेलं कोर्टातल्या लोकायनं — म्हटलं, अपिलात कोणी पाहीन. पाहीन, पाहीन म्हणता आठ महिने झाले. रोज येऊन बसतो इथं. काहून म्हणजे? तुमी याल म्हणून — अन् नाही आल्या तर बरं, म्हणूनही.

असं पाहू नका माह्याकडे. वकिलाले सांगा, शालिकराम स्टेनो प्रतिज्ञापत्र देते म्हणा, साहेबांनी सांगितलेलं जसंच्या तसं वहीत हाये माह्या. जा, साडेचारले ते उठतात. मी येतो मागून. जा ना. येतो म्हटलं ना — काहून उभ्या? …बरं. चला. पण वाटेनं काही विचारू नका मले.