शेवटचा गेम

आमच्या क्लबातल्या बापूंसारखा टेनिस खेळणारा ग्वाल्हेरात झाला नाही, हे मी आजही भांडून सांगेन. पण संस्थानात एक रीत होती. समोर सरदार असला की शेवटचा गेम त्याला द्यायचा. बापूंनी तो जन्मभर दिला. मला खेळ त्यांनीच शिकवला, आणि ही रीतही.

पुढे संस्थान विलीन झालं, मग राजधानीही भोपाळला गेली. आमच्या कचेरीतल्या कुणाला तिकडे पाठवायचं, ते ठरवणारे नवे साहेब क्लबात खेळायला यायचे. एका संध्याकाळी त्यांच्यासमोर मी उभा राहिलो. पंचाच्या खुर्चीत बापू.

शेवटच्या गेमआधी बाजू बदलताना बापू हळूच म्हणाले, "आता सोड रे. म्हातारी आई आहे घरी तुझी."

"सरदारकी गेली ना बापू? मग आता हरायचं कुणासाठी?"

मी गेम घेतला आणि सेटही घेतला.

साहेबांनी हात मिळवला. "भोपाल का मौसम बहुत अच्छा है."

मी म्हटलं, "और टेनिस कोर्ट, साहब?"

आठवड्यात बदलीची ऑर्डर आली. स्टेशनवर मी आईला डब्यात बसवत होतो, तेवढ्यात बापू आले. बगलेत त्यांची स्वतःची रॅकेट. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"तिथं याच्याहून मोठे साहेब असतील," म्हणाले. "एकालाही शेवटचा गेम देऊ नकोस."