दुपारनंतरचं ऊन

पंपाच्या कंपनीचे असाल, पण आधी ओळखपत्र दाखवा, मग पिशवी उघडा. फोटोत मिशी आहे, तुम्हाला नाही. काढली? बरं, काढली असेल. रागावू नका, मला सवय आहे. कापड गिरणीच्या फाटकावर एकतीस वर्षं बायकांची झडती घेतलीय मी. सुटीचा भोंगा झाला की रांग लागायची, आणि एकेकीचा डबा, पिशवी, अंबाडा, सगळं बघून सोडायचं. माणूस हसून बोलायला लागलं की समजायचं, डब्यात सुताची गुंडी आहे. तुम्ही मघाशी फाटकातून येताना हसलात, म्हणून ओळखपत्र मागितलं. या, इकडून या. पाय जपून, नळ्या आहेत ठिबकच्या.

हे बघा, काम सोपं आहे. पाणी कोण चोरतंय ते तुमच्या यंत्रावर दिसायला हवं, आणि तसं कागदावर लिहून द्यायचं, बस. वीज इथपर्यंत आलेली नाही, येणारही नाही. ह्या सहा सोलरच्या फळ्या, खाली विहिरीत पंप, वर ती टाकी. ऊन पडलं की पाणी चढतं, ढग आला की थांबतं. चाळीस लिंबं आहेत — वरची वीस माझी, खालची वीस धाकटीची. धाकटी म्हणजे माझी बहीण. वडलांनी जमीन दोघींना दिली, पंप आम्ही दोघींनी मिळून बसवला. वाटणी कशी केली माहितेय? उन्हाची केली. सूर्य डोक्यावर येईपर्यंतचं ऊन तिचं, दुपारनंतरचं माझं. बारा वाजले की मी व्हॉल्व्ह फिरवायचा. हसू नका, चार वर्षं एका शब्दाची कुरकुर झाली नाही. ती सकाळी पाणी घ्यायची, मी दुपारी. तिच्याकडे काही शिजलं की वाटी कुंपणावर ठेवलेली असायची माझ्यासाठी. मी खायचे. खायचे म्हणजे — आधी वास घेऊन बघायचे, पण खायचे.

आणि दोन महिन्यांपूर्वी काय झालं? तिचं पाणी तेवढंच आणि माझं निम्म्यावर. हा आकडा बघा, ह्या डबीवरचा, फळ्या पंपाला किती जोर देतात त्याचा. आत्ता साडेदहा वाजलेत, नऊशे दाखवतोय. बारापर्यंत असाच राहील. दोन वाजले की धाडकन दोनशे. पंप नुसता गुरगुरतो, टाकीत धार नाही. रोज. तिच्या वेळेत नऊशे आणि माझ्या वेळेत दोनशे, मग दोष कुणाचा? यंत्राला काय बहीण थोरली कोण नि धाकटी कोण कळतं? मी म्हटलं, खालून कुठेतरी नळी जोडलीय हिनं. उकरून पाहिलं, दोन ठिकाणी. नाही सापडली. ती हुशार आहे, पहिल्यापासून. तिला बोलावून विचारलं तर म्हणते, ताई, मी कशाला घेऊ. मी म्हटलं, पाय दाखव. तळवे. चिखल असेल तर कळेल ना. तिनं दाखवले. कोरडे होते. पण धुऊन आली नसेल कशावरून?

मग मी व्हॉल्व्हला कुलूप घातलं. हो, तिच्या बाजूचा बंद. साडेतीन आठवडे झाले. सकाळचं ऊनही आता माझंच. म्हटलं कबूल कर, उघडते. नाही केलं. बादल्या घेऊन विहिरीवर जात होती, गुडघे दुखतात तिचे तरी. चार-पाच झाडांना पुरायच्या. बाकीच्यांची हिरवी फळं गळली, मग पानं. हट्ट बघा केवढा. एक शब्द बोलली असती — काय बोलायचं होतं? चुकलं म्हणायचं होतं. न चुकता म्हणेल कशी? — म्हणजे तिचं म्हणणं तसं, माझं नाही.

हट्ट तिचा जुनाच आहे. गिरणीत तीही होती, बॉबिन खात्यात, मीच चिकटवली होती. एकदा फाटकावर मला वाटलं, ही आज माझ्याकडे बघत नाहीये. म्हटलं थांब. आपली बहीण म्हणून सोडली तर बाकीच्या काय म्हणतील? सगळ्यांसमोर अंबाडा सोडायला लावला. मुकादम म्हणाला, बाई असावी तर अशी, सख्ख्या बहिणीला सोडलं नाही. सापडलं का? नाही सापडलं. पण सापडलं असतं तर? दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आलीच नाही. बघत नव्हती कारण — डोळे आले होते तिचे. ते मला घरी गेल्यावर कळलं. असो. तुम्ही तुमचं काम करा.

तो आवाज ना? करवतीचा. आज सकाळपासून चाललाय. झाडं कापून घेतेय ती, दोन माणसं लावून. आठ वर्षांची झाडं, तिनं स्वतःच्या हातानं लावलेली. म्हणते, उभी वाळलेली बघवत नाहीत, त्यापेक्षा सरपण झालेलं बरं, आणि मग जाते मुलीकडे कायमची. मला ऐकवण्यासाठी करतेय, मला कळतं. मी खिडकी लावून घेतली.

हे काय, डगला कशाला टाकताय फळीवर? ओरखडा येईल. कोपऱ्यावरच ठेवलाय, पण — काय बघू? डबी? बघते… एकशेनव्वद. हे कसं झालं? बाकीच्या पाच उन्हात आहेत की. काढा बघू. नऊशेदहा. परत टाका. काढा. एका ओळीत जोडल्यात म्हणजे? एक अडली की सगळ्या अडतात? हे तुमच्या लोकांनी बसवताना का नाही सांगितलं? सांगितलं होतं? कुणाला, मला? फळ्यांवर सावली पडेल असं झाड वाढू देऊ नका म्हणाले होते, झाड मी वाढू दिलं नाही.

खोली? ही पत्र्याची? ही माझी बसायची खोली आहे. दाराशी ही डबी, आत खाट आहे, खिडकीतून खालचा व्हॉल्व्ह दिसतो, तिची हद्द दिसते. फळ्यांकडे खिडकी नाही, तिकडे काय बघायचं? मावळतीला आहे, हो. दुपारी सावली पडते कोपऱ्यावर, वीतभर. वीतभर सावलीनं काय होतंय, असंच मला वाटायचं. रोज बघत होते मी ती. पाणी चोरीला जातंय का हे बघायलाच तर बांधली ना खोली. पाणी कमी झालं, म्हणून मी —

थांबा. पाणी कमी झालं ते… पत्रे आणले तेव्हा टाकी भरून वाहत होती. मिस्त्रीनं त्यातच हात धुतले. म्हणजे खोली आधी. हो, आधीच बांधली. का म्हणजे? धाकटी एकदा कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, ताई, तुझी लिंबं यंदा जास्त लागलीत गं. हसून म्हणाली. मी रात्रभर विचार केला, ही मोजतेय कशाला.

असं करा, खाली जा आणि सांगा तिला, कंपनीच्या यंत्रात दोष होता. एवढंच सांगा. तुमचं काय जातंय? मान कशाला हलवताय, खोटं कुणी बोलत नाही का? करवत थांबलेली दिसते. न्याहारीला बसले असतील. किती उरलीत बघा हो इथून, माझी नजर पोचत नाही. सात? नीट मोजा. पाच.

नका, तुम्ही नका जाऊ खाली. मीच जाते. चुकलं म्हणेन, तेवढं येतं मला म्हणता. पण ती विचारेल, ताई, पाणी भरपूर होतं तेव्हाच खोली का बांधलीस? तेव्हा मी तुझं काय केलं होतं गं? ते तुमच्या डबीवर दिसतं का कुठे? नाही ना? मग पिशवी उचला. नाही, आज नाही बघायची मला पिशवी. तुम्ही निघा.