बर्फातला खळगा

मी मूळचा सिन्नरकडचा, घरी जमीन नाय, म्हणून सत्तर-एकाहत्तरला देवळाली कॅम्पाला बर्फाच्या कारखान्यात लागलो, लाद्या हातगाडीवर घालायच्या, वर भुसा, गोणपाट, आन चालायचं. लग्नाचं सरबत असो का मयत, माझीच गाडी. लय फिरलो.

काय सांगू तुम्हाला, बर्फाला कळतं. मयत ठेवलं की अंगातली ऊब बर्फ ओढून घेतो, पाठीखाली खळगा पडतो, पण दुसरी लादी घालायच्या वक्ताला मयत आन बर्फ दोघं सारखे गार झालेले असतात, मंग नव्या लादीच्या कडा तेवढ्या झिजतात, मधी खळगा पडत नाय. कधीच नाय.

आमच्या वाटेवर एक मास्तरीणबाई व्हत्या, लय मायाळू, लादी उतरवली की चहाची कपबशी हातात द्यायच्या आन म्हणायच्या, भाऊ, लगेच पिऊ नको, हात शेकू दे आधी. त्या वैशाखात पहाटे गेल्या. डाक्टर बघून गेला, बाईंचा मालेगावचा भाऊ यायचा व्हता म्हणून मला सांगावा आला. सकाळी लादी घातली, दुपारी बदलली, आन चारला बघतो तर नव्या लादीत खळगा, बरोबर पाठीएवढा.

म्या त्यांच्या मानेला हात लावला तर मान मला ऊन लागली. बाईंच्या नवऱ्याला, मास्तरला म्हणलं, डाक्टरला परत बोलवा, बाई गार झाल्या नाय. मास्तरच्या थोरल्या भावानं बाईंचा हात धरून बघितला, म्हणला, थंडगार हाय की, अरे, तुझे हात दिवसभर बर्फात, तुला दगडबी ऊन लागंल. खरंच व्हतं ते, गार हाताला सगळंच ऊन लागतं, म्हणून मी गप बसलो. पण तो खळगा काय माझ्या हातानं पडला नव्हता.

पाचला मालेगावचा भाऊ आला, सहाला मयत उचललं. मी मागं राहून लादी काढली, खळग्यात पाणी साचलेलं, त्यात बोट घालायचा धीर झाला नाय. मी बोलायला पायजे व्हतं, वरडायला पायजे व्हतं.

आता कारखाना सुटला, पण हात काय ऊन होत नाय, भर उन्हाळ्यातबी नाय. घरच्या मालकिणीला सांगून ठेवलंय, मी गेलो तर मला बर्फावर घालू नको. द्या बरं तुमचा हात. ऊन हाय, देवानं असाच ठेवावा. माझा गार लागतोय ना तुम्हाला? बाईंचाबी मास्तरच्या भावाला असाच लागला व्हता.