टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

मोटारीला शेंदूर फासलेला दिसला की माझं डोकं फिरतं. का, ते आज ऐकाच.

आमच्या थोरल्या काकांनी भोरात एक जुनी मोटार घेतली होती. दर अमावास्येला ते पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर थापायचे. नसरापूरच्या पुढं चढाला गाडी हमखास बंद पडायची. काका म्हणायचे, "हितली जागा मागती." नारळ फोडायचा, जरा थांबून हँडल मारलं की गाडी चालू. मग कोण कशाला इंजिनात डोकावतंय?

एकदा आईच्या पोटात भयंकर कळा आल्या, म्हणून तिला घेऊन पुण्याला दवाखान्यात निघालो. गाडी तिथंच थांबली. नारळ फोडला, गाडी हलली, पुढं परत बंद. आई वाटेतच गेली.

तेरावं झाल्यावर मी ते झाकण काढून बघितलं. हवा जायचं बारीक भोक शेंदरानं बुजलं होतं. हवा नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. टाचणीनं भोक मोकळं केलं, काकांना दाखवलं आणि गाडीत बसवून नेलं. गाडी तो चढ न थांबता चढली.

"बघितलंत काका?" मी म्हटलं.

काकांनी त्या जागेला हात जोडले. "आता कशाला अडवंल? तुझी आई घेतली की तिनं."