पांढऱ्याला हात लावायचा नाही

(हॉस्पिटलमधली भूल देणाऱ्या डॉक्टरांची खोली. ठकीला तपासणीचं रक्त घ्यायला शेजारच्या खोलीत नेलंय.)

मामा : आणि हे लिहूनच घ्या डॉक्टर, आमच्या घराण्यात आजार नावाची चीज नाही. कुणाचा एक आजार निघाला तर ही मिशी उतरवून तुमच्या टेबलावर ठेवीन.

डॉक्टर : टेबलावर नको, मामा. रक्ताचा काही त्रास कुणाला? उद्या ठकीचे टॉन्सिल काढायचेत. घशातून रक्त वाहायला लागलं तर बाहेरून दाबून धरता येत नाही, म्हणून आधी विचारते.

मामा : रक्त? आमचं रक्त एक नंबर. आणि भरपूर.

आई : दादा, भरपूर काय? पाणी आहे का टाकीतलं? त्या विचारतायत तेवढंच सांग.

मामा : तेवढंच सांगतोय. डॉक्टर, तुमच्या अंगावरचा कोट कुणाचा? आमच्या दुकानाचा. या हॉस्पिटलचे सगळे पांढरे कोट आम्ही शिवतो. हिचा आणि माझा जन्म कापडातच गेला. शिवण उसवली का कधी?

डॉक्टर : उसवली नाही. पण या वेळच्या कोटांना कॉलरच्या आत हा एक तपकिरी ठिपका आहे. सगळ्यांच्याच. आम्ही समजत होतो, तुमच्या दुकानाची खूण आहे.

आई : दादा. तू पांढरं शिवलंस?

मामा : सूनबाई माहेरी गेली होती. कोट तर द्यायचे होते. कॉलर तेवढी मी बसवली.

आई : आणि मला म्हणालास, बाहेरून करून आणल्या.

डॉक्टर : थांबा. तुम्ही पांढरं शिवलं तर काय होतं?

मामा : काही नाही हो. सुई टोचली की आमच्या बोटाला जरा गळती लागते. म्हणून दुकानात आपली एक पद्धत आहे. घरच्या रक्ताच्या माणसानं पांढऱ्याला हात लावायचा नाही. पांढरं, पिवळं, फिकं सगळं सुनांकडे. आम्ही काळं, निळं, मरून. आजोबांपासून असंच.

डॉक्टर : सुनांना सुई टोचत नाही?

मामा : टोचते की. पण त्यांचं रक्त आळशी. थेंबभर येतं आणि बसतं तिथंच.

डॉक्टर : रक्तानं तेच करायचं असतं, मामा.

मामा : असं?

डॉक्टर : दाढी कधीपासून ठेवता?

मामा : आली तेव्हापासून. आमच्यात सगळे पुरुष दाढीवाले. घराण्याचा रुबाब आहे तो.

आई : रुबाब कसला डोंबलाचा. बाबांनी जन्मात एकदाच गुळगुळीत दाढी केली, स्वतःच्या लग्नात. वस्तरा लागला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत हनुवटीला रुमाल लावून बसलेत. लोकांना वाटलं, नवरदेव लाजतोय.

डॉक्टर : मामा, दात काढलाय कधी?

मामा : एकदा. फार प्रेमळ डॉक्टर होता तो. मला सोडीचना. दवाखाना बंद करायची वेळ झाली तरी मी आपला खुर्चीत, तोंडात बोळे कोंबून. त्याची बायको डबा घेऊन आली, तिनं मलाच विचारलं, आणखी किती वेळ. शेवटी म्हणाला, मामा, पुढचा दात दुखला तर दुसऱ्या गावात दाखवा.

डॉक्टर : ठकीच्या नाकातून रक्त येतं?

मामा : लहानपणी यायचं. उष्णता. सगळ्यांना असते.

डॉक्टर : लवकर थांबायचं?

मामा : लवकर म्हणजे... शेजारचे विचारून जायचे, थांबलं का म्हणून. मग जेवून परत एकदा विचारायला यायचे.

डॉक्टर : दंडावर, पायावर काळेनिळे डाग?

मामा : ते तर हिलासुद्धा. नुसतं टेबलाला लागलं की उठतात. नाजूक कातडी. आमच्या घराण्यातल्या बायका पहिल्यापासून नाजूक आणि गोऱ्या. ठकीला बघून लोक विचारतात, चेहऱ्याला काय लावता.

डॉक्टर : मी मघाशी तिची पापणी खाली ओढून बघितली. ती गोरी नाही, मामा. तिच्या अंगात रक्त कमी आहे.

मामा : आं?

डॉक्टर : ताई, आता तुम्ही सांगा.

आई : विचारा.

डॉक्टर : तिची पाळी कशी असते?

मामा : मी बाहेर थांबतो.

आई : बस. घराण्याचं घराण्याचं करत होतास ना, आता ऐक. डॉक्टर, जास्त जातं. मलाही जायचं. आमच्या आत्यालाही. आत्या बाळंतपणानंतर कितीतरी दिवस उठायची नाही. ती मला म्हणाली, बाईचा जन्म असाच असतो. मी ठकीला म्हणाले, बाईचा जन्म असाच असतो.

डॉक्टर : रात्री कपडे, चादर खराब होते?

आई : तिच्या चादरी मी सगळ्या मरून शिवल्यात.

मामा : सुरेख आहेत. काठाला पायपिंग आहे.

आई : दादा, गप. डॉक्टर, तिची शाळा मी बदलली. आधीच्या शाळेचा गणवेश पांढरा होता. नव्या शाळेचा गडद निळा. गुण बघितले नाहीत, अंतर बघितलं नाही. गणवेश बघितला. मैत्रिणी सुटल्या म्हणून पोर रडत होती, तर मी काय म्हणाले, की हे कापड जास्त टिकतं.

डॉक्टर : पोटात दुखतं तेव्हा काय देता?

आई : अंगदुखीची गोळी. मशीनच्या खणात असते. माझी कंबर धरली की मी घेते, तीच. ती मागायची, मी द्यायची. त्या दिवसांत आणखीच जास्त जायचं. मग आणखी दुखायचं. मग मी आणखी एक द्यायची.

डॉक्टर : पाकीट आहे जवळ? दाखवा. हं. ही आता बंद करा. या जातीच्या गोळीनं रक्त थांबायला आणखी उशीर लागतो.

आई : म्हणजे मीच वाहवलं तिला.

डॉक्टर : तुम्हाला माहीत नव्हतं.

आई : माहीत नव्हतं कसं म्हणू? दुकानात पद्धत होती ना. माहीत असल्याशिवाय पद्धत पडते का? एवढं कापड जपलं आम्ही.

डॉक्टर : ताई, पाणी घ्या. आणि नीट ऐका. उद्याचं ऑपरेशन मी थांबवतेय. रक्त गोठवायला रक्तातच काही द्रव्यं असतात. काही घराण्यांत त्यातलं एखादं जन्मापासून कमी असतं, किंवा असून नीट काम करत नाही. आईकडून येतं, बापाकडून येतं, मुलींना होतं तसं मुलांनाही. तिची वेगळी तपासणी करावी लागेल. साध्या तपासणीत कधी कधी सगळं ठीक दिसतं, म्हणून रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवते. निघालं तर त्यावर औषधं आहेत. ती देऊन टॉन्सिलही काढता येतील.

आई : आणि मी काही बोलले नसते तर?

डॉक्टर : बोललात.

आई : मी कुठं बोलले. याच्या कॉलरी बोलल्या.

मामा : म्हणजे हा आजारच झाला की.

डॉक्टर : नाव तपासणीनंतर सांगेन. पण आजार नाही, हे वाक्य तुम्ही आता सोडा. तुमचीही तपासणी करायची, ताईंचीही, तुमच्या मुलांचीही. आणि तोवर दात काढायचा नाही, दाढी-मिशीला पातं लावायचं नाही, मनानं गोळी घ्यायची नाही.

मामा : पातं नाही.

डॉक्टर : नाही.

मामा : डॉक्टर, ठकीला पायऱ्या चढताना धाप लागायची ना, तेव्हा मी तिला मागून ढकलायचो. आगगाडीसारखा आवाज काढत. ती हसायची हो.

आई : हसायची, कारण तू मामा होतास.

मामा : मी जरा हात धुवून येतो.

ठकी : (थोड्या वेळानं, दारातून) येऊ का? सिस्टर म्हणाल्या, हा कापूस दाबून इथंच बस. त्यांनी दोनदा बदलला. आई, तू रडतेस? मला काय झालंय?

डॉक्टर : ये, बस इथे. उद्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. तुझं रक्त थांबायला वेळ घेतं असं दिसतंय. आधी त्याचं बघू. त्यामुळेच तुला थकवा येत असणार.

ठकी : म्हणजे मी आळशी नाहीये?

डॉक्टर : आळशी कोण म्हणालं?

ठकी : तसं कुणी नाही.

आई : मी म्हणाले. रोज सकाळी म्हणाले. पांघरूण ओढून म्हणाले.

ठकी : जाऊ दे ना आई. मलापण तसंच वाटायचं.

आई : तसं म्हणू नकोस. त्यापेक्षा भांड माझ्याशी.

ठकी : आत्ता नको. आत्ता हात दाबायचाय.

आई : दे इकडे, मी दाबते.

ठकी : शाळा परत बदलायची का आता?

आई : तुला हवी तर बदलू. पांढऱ्या गणवेशाची असली तरी. मी शिवीन.

ठकी : तू नको. मामी शिवेल.

डॉक्टर : मामा कुठे राहिले?

ठकी : ते बाहेर बेसिनपाशी आहेत. मी येताना विचारलं, काय करताय, तर म्हणाले, शब्द दिलाय. डॉक्टरांनी पातं नाही म्हटलंय, कात्रीचं काही बोलल्या नाहीत.

आई : कसली कात्री?

ठकी : दोरे कापायची. त्यांच्या खिशात असते ती. अर्धी मिशी गेलीय. ओठ कापलाय. सिस्टरनी टॉवेल दिला, पण तो पांढरा आहे म्हणून घेत नाहीयेत. विचारतायत, गडद रंगाचं काही मिळेल का.