मावशीच्या वाटेवर

थोरली : परत इन्व्हर्टरचा लाल दिवा! आई, हलू नकोस. नळी सिलिंडरला जोडते.

धाकटा : छोटा सिलिंडर आहे, जेमतेम अर्धा तास. ताई, गाडी वळव. मागे तो दवाखाना लागला होता, तिथवर पुरेल.

थोरली : दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. तेवढा वेळ हाताशी ठेवून आधी बघू तर खरं.

धाकटा : मी घरीच म्हटलं होतं. ऑक्सिजनचं यंत्र गाडीच्या बॅटरीवर चालवायचं म्हणजे काय खेळ आहे?

आई : भांडा खुशाल, पण आधी माझ्या पाठीशी ती उशी सरकवा.

(व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी आहे, इंजिन चालू आहे. आई मागच्या सीटवर.)

धाकटा : इन्व्हर्टर बिघडलाय म्हणावं, तर यंत्राची पिन काढली की हिरवा होतो.

थोरली : लाव परत. बघ, कोकलला. म्हणजे भार आला की दम लागतो त्याला.

आई : माझ्यासारखाच.

धाकटा : आई, गप बस गं!

थोरली : तू तो लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसलायस. ती तार मोबाइलपुरती. थेट बॅटरीला जोडू. ऊठ, बॅटरी तुझ्याच सीटखाली आहे. इंजिन बंद करते. लाल चिमटा अधिकला, काळा उणेला.

धाकटा : लावले. कर चालू. अरे, तरी बोंबलतोय! ताई, आता तरी वळव. मावशीची काळजी मलाही आहे. पण आईला वाटेत काही झालं तर?

आई : आणि मी पोचलेच नाही तर? अरे, ती फोनवर आता बोलत नाही. मीच बोलते, तिकडून नुसता श्वास येतो. तो थांबायच्या आत मला तिचा हात धरायचाय.

(धाकटा पुन्हा बॅटरीपाशी वाकतो.)

धाकटा : ताई, इकडे ये. बॅटरीवर ही पांढरी बुरशी बघ. आणि गाडीच्या वायरची पकड हातानं फिरतेय!

थोरली : मग वीज येणार कुठून? थांब, इंजिन बंद. पाना घे, आधी उणेची पकड सोडव. हातमोजा घाल. घासून लख्ख कर, मग गच्च आवळ.

आई : सावकाश रे. आहे अजून हवा.

धाकटा : आवळली. चिमटेही लावले. चालू कर, एसी लावू नकोस.

थोरली : आता यंत्र लाव.

धाकटा : हिरवा. अजून हिरवाच आहे. ताई, यंत्र घुरघुरायला लागलं!

थोरली : घाई नको, जरा चालू दे. आई, नळी बदलते हं. कसं वाटतंय?

आई : येतेय हवा.

धाकटा : बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडाही चढतोय.

थोरली : आता पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. बोल रे, मागे की पुढे? तू म्हणशील तसं.

आई : म्हणजे वाटेत चहालासुद्धा थांबायचं नाही?

धाकटा : परत येताना थांबू, आई.