बादलीतलं ऑर्किड

बायको : अहो, आंघोळीच्या बादलीवर टॉवेल कशाला झाकलाय? आणि गुडघ्यापर्यंत हा चिखल!

शिंपी : लादी मी पुसतो गं. तू टॉवेल काढ. सकाळपासून दलदलीत लोळलोय तुझ्यासाठी.

बायको : अगं बाई! माझं ऑर्किड! मुळासकट उपटलंत?

शिंपी : उपटलं नाही, खुरप्यानं अलगद काढलं. बहर संपत आला. तू घराबाहेर पाऊल टाकत नाहीस, म्हटलं त्यालाच घेऊन यावं.

बायको : इतकी वर्षं दलदलीतली फुलं चोरणाऱ्यांना काठी घेऊन हाकललं मी, आणि चोर निघाला घरातच!

शिंपी : छान कुंडी आणतो की. रोज पाणी घालीन.

बायको : कुंडीत नाही जगत हो ते. तिथल्या मातीतली बुरशी त्याच्या मुळांना भरवते. आत्ताच्या आत्ता होतं तिथं लावून या.

शिंपी : हात दाखवून अवलक्षण! जातो. पण...

बायको : पण काय?

शिंपी : खड्डा बुजवला मी. चांगला थापून, वर गवत ओढून. शिंप्याचा हात, उसवलेलं तसंच सोडवत नाही. आता जागा सापडायची नाही.

बायको : धन्य आहे तुमची! निदान कुठल्या बाजूला?

शिंपी : ओढ्याच्या वळणाशी. तू पडलीस ना, तिथंच.

बायको : तिथं?

शिंपी : शेजारी कुठंतरी लावू का?

बायको : हातभर खाली लावलंत तर कुजेल, हातभर वर लावलंत तर सुकेल. आणि तुम्हाला सांगून काय कळणार? तुमच्या लेखी गवत म्हणजे नुसतं हिरवं कापड.

शिंपी : मग तू चल. डॉक्टर म्हणतात, हाड केव्हाच जुळलंय. मी धरतो की तुला.

बायको : पुन्हा पडले तर? फार भीती वाटते हो मला.

शिंपी : मलाही वाटते. पण तू दिवसभर दाराकडे पाठ करून बसतेस ना, त्याची जास्त वाटते.

(ती बादलीवर वाकून मुळं चाचपते.)

बायको : मुळांवर ओलं फडकं टाका, सुकतायत. आणि... माझे गमबूट देऊन टाकले असतील ना कुणाला?

शिंपी : दारामागेच आहेत. रोज पुसून ठेवतो.